सही राज्यपालांची, मर्जी मुख्यमंत्र्यांची

मे 2012 मध्ये जळगावच्या घरकुल प्रकरणात गुलाबराव देवकर यांना अटक झाली, तेव्हा ते राज्याचे राज्यमंत्री होते. न्यायालयातून त्यांना लगेच जामीन मिळाला आणि मंत्रिपद होते तसेच राहिले. आरोपी म्हणून अटक झालेला माणूस सरकारी फायलींवर सही करू शकतो, हे पाहून जिल्ह्यात अनेकांना एकच प्रश्न पडला. मंत्र्यांना शपथ देतात राज्यपाल, घटनेप्रमाणे मंत्री पदावर राहतात तेही राज्यपालांची मर्जी असेपर्यंत. मग राज्यपाल त्यांना काढत का नाहीत? आणि ते काढत नसतील, तर न्यायालय त्यांना तसा आदेश का देत नाही?

प्रश्न सरळ आहे, उत्तराला मात्र बरीच वळणे आहेत. आधी ज्या प्रकरणामुळे तो पडला ते थोडक्यात सांगतो. 1990 च्या दशकात जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी हजारो घरे बांधायची योजना आखली. कर्ज काढले, ठेका दिला, ठेकेदाराला आगाऊ रकमा दिल्या. पूर्ण झाली ती साधारण दीड हजार घरे. महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी 2006 मध्ये पोलिसांत फिर्याद दिली. अपहाराचा आकडा सुमारे 29 कोटी रुपयांचा सांगितला गेला. मार्च 2012 मध्ये जळगावचे आमदार सुरेश जैन यांना अटक झाली, दोन महिन्यांनी देवकर यांना. खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात, आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी तिथेच सर्व 48 आरोपी दोषी ठरले. जैन यांना सात वर्षे कैद व 100 कोटी रुपये दंड, देवकर यांना पाच वर्षे कैद. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली. फिर्याद ते निकाल या प्रवासाला तेरा वर्षांहून जास्त काळ लागला, एवढे ध्यानात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

आता घटनेकडे येऊ. अनुच्छेद 164 म्हणतो की मुख्यमंत्र्याची नियुक्ती राज्यपाल करतील, इतर मंत्र्यांची नियुक्ती मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने करतील, आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत मंत्री पद धारण करतील. पहिल्या वाचनात वाटते की नेमताना सल्ला लागतो, काढताना मर्जी पुरते. वसाहतकाळातला गव्हर्नर याच अर्थाने वागू शकत होता. पण त्याच अनुच्छेदात पुढे लिहिले आहे की मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकपणे जबाबदार राहील. ही दोन वाक्ये एकत्र वाचली की मर्जीचा अर्थ बदलतो. मंत्रिमंडळ लोकांनी निवडलेल्या सभागृहाला जबाबदार असेल, तर राष्ट्रपतींनी नेमलेल्या राज्यपालाला त्यातला एखादा मंत्री स्वतःच्या मनाने कसा उचलून बाजूला काढता येईल? सातबारावर नाव एकाचे आणि जमीन कसतो दुसराच, तसा हा प्रकार. अधिकाराच्या उताऱ्यावर नाव राज्यपालांचे, कसणारा मुख्यमंत्री.

सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 1974 मध्ये शमशेर सिंग खटल्यात हे पक्के केले. गंमत अशी की तो खटला मंत्र्यांचा नव्हताच. पंजाबमधल्या दोन न्यायिक अधिकाऱ्यांना सेवेतून काढल्याचे ते प्रकरण होते. काढायचा निर्णय राज्यपालांनी स्वतः विचार करून घ्यायला हवा होता, असे त्या अधिकाऱ्यांचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की घटनेने स्पष्टपणे राज्यपालांच्या विवेकावर सोडलेल्या थोड्या बाबी वगळल्या, तर राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. तेव्हापासून राजभवनाच्या अधिकाराचा कोणताही वाद या निकालापासून सुरू होतो.

सल्ला आल्यावर मात्र हत्यार फार धारदार आहे. साध्या तलाठ्याला बडतर्फ करायचे तर अनुच्छेद 311 प्रमाणे आरोपपत्र द्यावे लागते, चौकशी करावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. चुकले तर तो न्यायाधिकरणातून नोकरी परत मिळवतो. मंत्र्याला यातले काही नाही. मुख्यमंत्र्याने राज्यपालांना एका ओळीचे पत्र पाठवले की मंत्री गेला. कारण द्यावे लागत नाही. काय सल्ला दिला याची चौकशी न्यायालयाला करता येणार नाही, असे अनुच्छेद 163 म्हणतो. गोव्यात सप्टेंबर 2018 मध्ये मनोहर पर्रीकर दिल्लीच्या रुग्णालयात उपचार घेत होते. त्यांनी आपल्या मंत्रिमंडळातल्या दोन आजारी सहकाऱ्यांना वगळायची शिफारस केली; ते गेले, दुसरे दोघे आले. मुख्यमंत्री स्वतः रुग्णशय्येवर होते, तरी त्यांच्या शिफारशीला कुठे अडथळा आला नाही. वगळलेल्या मंत्र्याने या कारणासाठी न्यायालयात जाण्यात अर्थ नसतो. मुख्यमंत्र्याच्या विश्वासावर मिळालेले पद त्या विश्वासाबरोबर जाते.

राज्यपालाने मुख्यमंत्र्याला न विचारता मंत्र्याला काढायचे ठरवले तर काय होते, याची परीक्षा बराच काळ झालीच नव्हती. केरळमध्ये ऑक्टोबर 2022 मध्ये राज्यपाल आरिफ मोहम्मद खान यांनी अर्थमंत्री के. एन. बालगोपाल यांच्यावरची आपली मर्जी संपल्याचे मुख्यमंत्र्यांना कळवले. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, असे उत्तर पाठवले आणि विषय तिथेच संपला. अर्थमंत्री कामावर राहिले.

तामिळनाडूत मात्र गोष्ट आदेशापर्यंत गेली. मंत्री सेंथिल बालाजी यांना जून 2023 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, अटक केली. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी त्यांची खाती काढून घेतली, पण बिनखात्याचे मंत्री म्हणून ठेवले. 29 जूनच्या संध्याकाळी राज्यपाल आर. एन. रवी यांनी मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीशिवाय त्यांना मंत्रिमंडळातून बडतर्फ केले. काही तासांतच, त्याच रात्री, ॲटर्नी जनरलचे मत घेईपर्यंत हा आदेश थांबवत असल्याचे राजभवनातून कळवले गेले. देशातल्या कोणत्याही राजभवनावर इतक्या घाईने माघार घ्यायची वेळ क्वचितच आली असेल.

पुढे मद्रास उच्च न्यायालयात याचिका झाल्या. मंत्र्याने कोणत्या अधिकाराने पदावर राहावे असे विचारणाऱ्या काही, आणि राज्यपालांनी आदेश थांबवला कसा असे विचारणारी एक. निकाल देणाऱ्या पीठावर मुख्य न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला होते, औरंगाबादला वकिली केलेले. सप्टेंबर 2023 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की कोठडीतल्या माणसाला बिनखात्याचा मंत्री ठेवून काहीच साध्य होत नाही. पण काढायचे की ठेवायचे हे मुख्यमंत्र्यांनी ठरवावे. आम्ही आदेश देणार नाही. अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. 5 जानेवारी 2024 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या पीठाने ते फेटाळले आणि स्पष्ट केले की मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवाचून राज्यपाल मंत्र्याला काढू शकत नाहीत. देवकरांच्या वेळी जळगावात विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर असे तामिळनाडूच्या खटल्यात आले, बारा वर्षांनी.

इथे एक गफलत होते ती दूर करायला हवी. अनुच्छेद 361 प्रमाणे राज्यपाल आपल्या कामासाठी कोणत्याही न्यायालयाला उत्तर द्यायला बांधील नाहीत. म्हणून लोक समजतात की त्यांच्या निर्णयाला हातच लावता येत नाही. तसे नाही. राज्यपालांना व्यक्तिशः न्यायालयात खेचता येत नाही. निर्णय मात्र तपासता येतो, सरकारला त्याचे समर्थन करावे लागते. बिहार विधानसभा विसर्जनाच्या 2006 च्या निकालात हे स्पष्ट झाले. त्याआधी न्यायालये बिचकत असत. गोव्यात जुलै 1998 मध्ये राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांनी प्रतापसिंह राणे यांचे सरकार बडतर्फ करून विल्फ्रेड डिसोझा यांना मुख्यमंत्री केले. राणे उच्च न्यायालयात गेले, पण राज्यपालांच्या मर्जीचा तो प्रश्न असल्याचे सांगून न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. त्याच वर्षी फेब्रुवारीत उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांना असेच काढले गेले, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना दोन दिवसांत परत बसवले आणि मग सभागृहात मोजणी झाली. त्या वर्षी कायदा दोन राज्यांत दोन तऱ्हेने वागला. आज उत्तर प्रदेशची वाट रूढ झाली आहे: बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचे. हेच सांगणाऱ्या 1994 च्या बोम्मई निकालानंतर दुसरे काही टिकणे अवघडच होते.

महाराष्ट्राला याची चव 2022 मध्ये लागली, आणि जळगाव जिल्हा त्याच्या अगदी मध्यभागी होता. शिवसेनेतल्या बंडात एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटीला गेलेल्यांत पाळधीचे गुलाबराव पाटील होते, मंत्रिमंडळातले पाणीपुरवठा मंत्री. चोपडा, पाचोरा, एरंडोल इथले शिवसेनेचे आमदारही होते. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 27 जूनला बंडखोर मंत्र्यांची खाती काढून इतरांना दिली. पाटलांचे पाणीपुरवठा खाते अनिल परब यांच्याकडे गेले. लक्षात घ्या, त्यांनी मंत्र्यांना बडतर्फ केले नाही. अधिकार होता, पत्र पाठवले असते तर राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांना ते मानावे लागले असते. खाती काढणे हा मधला मार्ग त्यांनी निवडला. दोन दिवसांनी, राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगितल्यावर, सरकारच गेले, आणि ऑगस्टमध्ये पाटील पुन्हा शपथ घेऊन त्याच खात्यात बसले. पुढे 11 मे 2023 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने सांगितले की बहुमत चाचणी घ्यायला लावण्याइतका पुरावा राज्यपालांपुढे नव्हता. त्यांचा निर्णय चूक. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला होता, म्हणून त्यांना परत बसवता येणार नाही. निर्णय तपासला गेला, चूक ठरला आणि परिणाम शून्य. राज्यपालांच्या कृतीच्या न्यायालयीन तपासणीची खरी मर्यादा मला इथे दिसते. निकाल यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात राजकारण चार गावे पुढे गेलेले असते.

खान्देशातल्या मंत्र्यांच्या गच्छंतीचा इतिहास पाहिला तर राजभवनाचा हात कुठेच सापडत नाही. 2003 मध्ये अण्णा हजारे यांच्या आरोपांनंतर न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोग नेमला गेला. चौकशी झालेल्या चार मंत्र्यांपैकी दोन खान्देशचे होते, जळगावचे सुरेश जैन आणि नंदुरबारचे विजयकुमार गावित. आयोगाने जैन यांच्यावर ठपका ठेवला, गावित यांच्यावर ठेवला नाही. मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे महसूलमंत्री असताना भोसरीच्या जमिनीवरून वाद पेटला. कुठलीही अटक नव्हती, दोषारोपपत्र नव्हते. तरी 4 जून 2016 रोजी त्यांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे राजीनामा दिला. पक्षाने जायला सांगितले की मंत्री जातो. देवकरांच्या वेळी अडचण वेगळी होती. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण काँग्रेसचे, देवकर राष्ट्रवादीचे. आघाडीत मित्रपक्षाच्या मंत्र्याला काढायचा सल्ला मुख्यमंत्री सहसा देत नाहीत. तो निर्णय मित्रपक्षाच्या नेत्याचा समजला जातो. घटनेतली मर्जी राज्यपालांकडून मुख्यमंत्र्यांकडे आली होतीच, आघाडीने तिला आणखी एक मुक्काम पुढे नेले. त्या मुक्कामाचा घटनेत उल्लेख नाही आणि तिथपर्यंत कोणतीही याचिका पोचत नाही.

जिथे याचिका पोचली ते ठिकाण जामिनाचे होते. देवकरांचा जामीन उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केला. मंत्रिपदही गेले, आणि जून 2013 मध्ये जिल्ह्यातून भुसावळचे संजय सावकारे राज्यमंत्री झाले. तामिळनाडूतही शेवटी हेच घडले. सेंथिल बालाजी जामिनावर सुटले आणि काही दिवसांत पुन्हा मंत्री झाले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये त्यांना पद आणि मोकळीक यांतले एक निवडायला सांगितले. त्यांनी राजीनामा दिला. राज्यपालांना जे जमले नाही आणि न्यायालयाने राज्यपालांना जे करू दिले नाही, ते जामिनाच्या सुनावणीत घडून गेले. मला हे फारसे सुखावह वाटत नाही. मंत्री कोण असावा हे जामिनाच्या अटींनी ठरणे ही आडवाट आहे, पण सरळ वाटेवर कुणीच चालत नसेल तर आडवाट रुळते.

न्यायालयाची सरळ वाट आहे ती अधिकारपृच्छेची. हा माणूस या पदावर कोणत्या हक्काने बसला, एवढाच प्रश्न तिथे विचारता येतो. मंत्री व्हायला आमदार असावे लागते, नसल्यास सहा महिन्यांत व्हावे लागते. पंजाबमध्ये एकाने निवडून न येता पुन्हा शपथ घेतली, ती 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. शिक्षा झाल्यामुळे निवडणूक लढवता येत नसलेल्या जयललिता यांना राज्यपालांनी मुख्यमंत्री केले, तीही नियुक्ती त्याच वर्षी रद्द झाली. राज्यपालांनी शपथ दिली एवढ्याने अपात्रता धुतली जात नाही. 2013 च्या लिली थॉमस निकालानंतर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली की आमदारकी त्याच क्षणी जाते. पण आरोप, अटक, दोषारोपपत्र हे अपात्रतेत बसत नाही. त्यामुळे 2012 चे जळगाव अधिकारपृच्छेच्या चौकटीबाहेर राहते.

ही पोकळी घटनाकारांना दिसली नव्हती असे नाही. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत के. टी. शाह यांनी सुचवले होते की गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना मंत्री करू नये असे घटनेतच लिहावे. डॉ. आंबेडकरांनी ते मानले नाही. ही बाब पंतप्रधानाच्या शहाणपणावर आणि सभागृह व जनतेच्या नजरेवर सोडावी, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट 2014 मध्ये मनोज नरुला प्रकरणात घटनापीठाने त्याच भूमिकेचा आधार घेतला: गंभीर आरोप निश्चित झालेल्यांना मुख्यमंत्र्याने मंत्री करू नये अशी घटनेची अपेक्षा आहे, पण ती अपेक्षाच, न्यायालय तिची अट बनवणार नाही.

अट बनवायचा प्रयत्न आता संसदेत सुरू झाला. 20 ऑगस्ट 2025 रोजी 130 वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात मंत्री सलग 30 दिवस कोठडीत राहिला, तर मुख्यमंत्र्याने त्याला काढण्याचा सल्ला द्यावा. न दिल्यास 31 व्या दिवसानंतर पद आपोआप जाईल, अशी ही तरतूद. ती खान्देशाच्या अनुभवावर घासून पाहा. देवकरांना मे 2012 मध्ये लगेच जामीन मिळाला, म्हणजे त्या महिन्यात त्यांना या तरतुदीने हातही लागला नसता. सुरेश जैन साडेचार वर्षे तुरुंगात राहिले, पण तेव्हा ते मंत्री नव्हते, फक्त आमदार. त्यांना ती लागू नाही. खडसे अटकेशिवाय गेले. खान्देशाबाहेर पाहिले, तर फेब्रुवारी 2022 मध्ये अटक झालेले ठाकरे सरकारमधले मंत्री नवाब मलिक मात्र महिन्याभरात गेले असते, आणि प्रत्यक्षात ते सरकार पडेपर्यंत मंत्री होते. म्हणजे ही तरतूद आरोपाचे वजन मोजत नाही, कोठडीचे दिवस मोजते. आणि कोठडी किती दिवसांची हे तपास यंत्रणा व जामिनाची गती यांवर ठरते. जिथे खटल्याचा निकाल तेरा वर्षांनी लागतो, तिथे तीस दिवसांचे हे घड्याळ ज्या यंत्रणेच्या हाती राहील तिच्या हातात सरकारे राहतील. राज्यपालांच्या मर्जीला न्यायालयांनी पन्नास वर्षे घातलेला लगाम असा मागच्या दाराने सैल होऊ नये.

राज्यपाल मंत्र्याला आपल्या मनाने काढू शकत नाहीत, हे माझ्या मते योग्यच आहे. आज नको असलेला मंत्री काढतील तर उद्या हवा असलेलाही काढतील, आणि दोन्ही वेळी निर्णय दिल्लीहून येण्याची भीती राहील. जळगाव, धुळ्यात एखाद्या मंत्र्यावर आरोप झाले की कार्यकर्ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत माननीय राज्यपालांना निवेदन देतात, छायाचित्र निघते, निवेदन मुंबईला जाते. पुढच्या वेळी ते मुख्यमंत्र्यांच्या नावाने लिहा आणि एक प्रत मंत्र्याच्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांना द्या. कायद्याचा मुद्दा असेल, म्हणजे शिक्षा झालेली असेल किंवा आमदारकीच नसेल, तर संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, खंडपीठात अधिकारपृच्छेची याचिका करा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाच्या कक्षेत येतात.